निळा फोन, काळा फोन आणि ताईचे डोळे

माझ्या नवऱ्याला वस्तू घेण्यापेक्षा ती घेण्याआधीचे दिवस जास्त आवडतात. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा आमच्याकडे उन्हाळाभर पाटा-वरवंटा चालला, कारण दोन मिक्सरमधला कोणता बरा हे ठरत नव्हतं. सिंचन खात्यातून रिटायर झाल्यापासून तर हा छंद पूर्णवेळ झाला आहे. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर मी म्हणाले, की ताईसाठी मोठ्या पडद्याचा नवा फोन घ्यायचा, तेव्हा हे असे काही खुलले की मला रागच आला. मी काही तो फोन हौसेनं घेत नव्हते. माझी मोठी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही, आणि आता तिची नजरही जात चालली आहे, अशी माझी खात्री होत आली होती.

ताई फुलसावंगीला असते, मी दारव्ह्याला. ती शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगात तिच्या हातचे ब्लाउज असतात. भाऊजी शेतीतले. माणूस सोन्यासारखा, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांच्या खुणा जेवण, पाणी, शेत आणि झोप यांच्यापुढे गेल्या नाहीत. तेवढ्यावर संसार केला दोघांनी, आणि बरा केला. पण गप्पा म्हणून ज्या असतात, त्या ताईच्या माझ्याशीच. पूर्वी त्या सणावारी, भेट झाली की व्हायच्या. व्हिडिओ कॉल आला आणि आमचं रोजचं सुरू झालं. दुपारची जेवणं आटोपली की ती शिलाई मशीनवरच्या दोऱ्यांच्या डब्याला फोन टेकवते, मी आमच्या टेबलावरच्या साखरेच्या बरणीला. फोन उभा राहिला की दोघींचे हात मोकळे होतात.

आमच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नाहीत, घरीच झालेल्या आहेत. आई म्हणजे नाकपुडीवर बोट, तिचा खडा होता तिथं. वडील म्हणजे चष्मा वर सारणं. मी म्हणजे वेणी ओढणं, कारण ताई माझी वेणी घालायची आणि मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. माझा नवरा म्हणजे मनगटावर टिचकी, कारण हे आमच्या लग्नात सारखे घड्याळ पाहत होते. आर्णी म्हणजे दोन बोटांची फुली, कारण तिथं बस बदलावी लागते.

आणि या सगळ्या खुणा फार बारीक. आमचे वडील कोर्टात नोकरीला होते, घरी चार माणसांचं येणं-जाणं असायचं, आणि आईला लोकांसमोर हात नाचवलेले खपत नसत. "लोकायले तमाशा दाखवाचा नाही," असं म्हणत ती ताईचे पसरलेले हात धरून जवळ, हनुवटीशी आणायची. त्यामुळे ताईचं सगळं बोलणं हनुवटीपासून कानापर्यंतच्या जागेत, बोटांच्या टोकांवर चालतं. नवख्या माणसाला वाटावं बाई केस सारखे करते आहे. मीही तिच्यासारखीच बोलते. दुसरी तऱ्हा मला येतच नाही.

गंमत म्हणजे पुढे आईलाच या बोलीची चटक लागली. लग्नात, दवाखान्यात, दुकानात, जे कोणाच्या कानावर जायला नको ते आम्ही ऐकू येणारी माणसंही हातांनीच बोलायला लागलो. कापडाच्या दुकानात "कपडा बरा नाही, चला" हे आईनं उभ्या जन्मात तोंडानं म्हटलं नाही. माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर हे सगळं शिकावं लागलं. आधी हे कुरकुरले, मग एका लग्नाच्या पंगतीत माझ्या आत्याची बोटांनी नक्कल करून दाखवली, तेव्हा आईनं यांना जावई म्हणून खऱ्या अर्थानं पास केलं.

तर गेले काही आठवडे ताईला माझं बोलणं कळेनासं झालं होतं. मी काही सांगितलं की ती बोट गोल फिरवायची. परत. पुन्हा सांगितलं की पुन्हा बोट गोल. फोन नाकाशी नेऊन डोळे बारीक करायची. आमची शेजारीण बाळंत झाली, मुलगी झाली, हे मी सांगितलं तर ही पदरानं डोळे पुसायला लागली. तिला वाटलं कोणी गेलं. एकदा तर वैतागून तिनं फोन उताणा टाकला आणि मला तासभर त्यांच्या घराचे पत्रे दिसत राहिले. त्यातच तिनं माझ्यासाठी शिवून पाठवलेल्या हिरव्या ब्लाउजला आतून काळ्या दोऱ्याची शिलाई निघाली. दोऱ्याच्या रंगात चूक करणारी माझी ताई नव्हे.

आईला काचबिंदू होता. साधारण याच वयात तिची नजर कडेनं जायला लागली, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत बरीच गेली. मग आई आणि ताई यांचं बोलणं कसं व्हायचं ते मी पाहिलं आहे. आईच्या खुणा ताईला दिसायच्या, ताईच्या खुणा आईला दिसायच्या नाहीत. म्हणून ताई आईचे हात आपल्या हातांवर ठेवून घ्यायची आणि मग बोलायची. आई तिच्या बोटांवरून बोटं फिरवत ते समजून घ्यायची. त्या दोघींचं तसंही चाललं, कारण आईला निदान कान होते. ताईचे डोळे गेले तर तिच्यापाशी उरणार काय, आणि तिचे हात हातात घेऊन बसणार कोण? भाऊजी? जेवण, पाणी, शेत, झोप? मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. त्या महिन्यात मी सगळ्या घरावर चिडत होते.

यांचं मात्र संशोधन जोरात. सकाळी चहाबरोबर एक व्हिडिओ, दुपारी जेवताना दुसरा. कुठल्यातरी शहरातला पोरगा हातात फोन फिरवून फिरवून त्याचे गुणदोष सांगतो आणि आमचे हे पुराण ऐकावं तसे ऐकतात. पुष्कळ फोन बाद होऊन शेवटी दोन उरले. दोन्ही मधल्या किमतीचे. एक निळा, एक काळा.

"निळ्याचा पडदा उजेडात भारी दिसते," हे म्हणाले. "पण काळ्याची बॅटरी दमदार हाय. अन् समोरचा कॅमेरा काळ्याचा बरा."

"तिले कॅमेरा कायले पायजे? तिले दिसलं पायजे."

"थेच तं सांगून राह्यलो. दिसाचं म्हणशीन तं निळा. पण निळा गरम होते म्हणते थो पोट्टा."

"मंग काळा घ्या."

"काळ्याचा रंग फिका हाय वो पडद्याचा."

मी उठून भांडी घासायला गेले. शेवटी मीच ठरवलं, की ताईलाच आर्णीला बोलवायचं, दोन्ही फोन तिच्या हातात द्यायचे, आणि ज्याच्यात तिला बरं दिसेल तो घ्यायचा. आर्णी दोघींनाही सारखीच. डोळ्यांचं मी तिला काही बोलले नाही. फोनवर कसंबसं समजावलं, की नवा फोन, तू, आर्णी. आणि ती एका झटक्यात हो म्हणाली. ऐन लग्नसराईत, मशीनवर ब्लाउजांचा ढीग असताना ताई उठून यायला तयार झाली, याचं मला नवल वाटलं. तिलाही अंधारून यायला लागलं असेल, असा मी अर्थ काढला. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, माझ्या मनी जे वसत होतं ते मला जागेपणीच सगळीकडे दिसत होतं.

आम्ही काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आर्णीला पोचलो. महागावकडून येणारी तिची बस उशिरा आली. ती दारात दिसली, आणि उतरताना तिनं पायानं पायरी चाचपली. साठीची बाई पायरी चाचपणार नाही तर काय उडी मारणार? पण मला आईच आठवली. खाली उतरल्यावर तिनं हसून काही म्हणायच्या आधीच माझा उजवा हात धरला. एकेक बोट दाबून पाहिलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं, असं अंगठ्यापर्यंत. मग डावा हात घेतला. आईचे हात चाचपायचे तसेच. मी यांच्याकडे पाहिलं आणि हे घड्याळाकडे पाहायला लागले.

दुकान बसस्टँडपासून जवळच होतं. काचेचं काउंटर, मागे फोनच्या खोक्यांची भिंत. दुकानदार जवळच्या बंजारा तांड्यावरचा तरुण, केसांचा तुरा काढलेला, जिभेवर साखर. मध्येच त्याच्या याडीचा, म्हणजे आईचा, फोन आला तेव्हा तो गोरबोलीत दोन वाक्यं इतकी मऊ बोलला, की मला तो आवडूनच गेला. पण फोन ठेवला आणि परत सुरू झाला.

"काकू, डोळे मिटून निळा घ्या. याच्यात चौसष्टचा कॅमेरा हाय. रात्री बी दिवसावानी फोटो येते."

"आकड्यावर कॅमेरा नसते बावा," हे सरसावले. "लेन्स पाहा लागते."

मग त्या दोघांची अशी काही जुंपली, की ताई एकदा याच्या तोंडाकडे पाही, एकदा त्याच्या. तिनं मला हातांनी विचारलं, भांडण का? मी म्हटलं, नाही, हौस. ती हसली. इतक्या जवळून तिला माझं सगळं कळत होतं. आईलाही जवळचं कळायचं.

मी त्या दोघांना थांबवलं आणि दुकानदाराला सांगितलं, की आम्हाला फोटो नको, व्हिडिओ कॉल करून पाहायचा आहे. तो चांगला माणूस. त्यानं त्याच्याच नंबरवरून निळा चालू करून दिला. ताईला स्टुलावर बसवलं, तिच्या हातात निळा दिला, आणि मी माझा फोन घेऊन यांच्याबरोबर रस्ता ओलांडला. समोर एक कृषी केंद्र होतं, त्याच्या पायरीवर उभी राहिले. मला बोलायला दोन्ही हात लागतात, म्हणून माझा फोन यांनी पायरीखाली उभं राहून माझ्यासमोर धरला. यांची पाठ रस्त्याकडे, माझं तोंड दुकानाकडे.

अंदाजानं ओळखता येणार नाही असं काही बोलायचं मी ठरवून आले होते. मी विचारलं, आईच्या निळ्या लुगड्याची तू गोधडी केली होतीस, ती अजून आहे का? आपल्या नेहमीच्या बारीक खुणांनी, हनुवटीपाशी, कानापाशी.

पडद्यावर ताईनं बोट गोल फिरवलं. परत.

मी परत विचारलं. तिनं फोन नाकाशी नेला. परत. यांनी हात हलवून दुकानदाराला इशारा केला, त्यानं काळा चालू करून तिला दिला. पुन्हा कॉल लागला. मी पुन्हा विचारलं, सावकाश. परत. मग तिनं आपला पंजा वर केला, बोटं उघडली, मिटली, उघडली आणि मला तसंच करायला सांगितलं. मी केलं. तिच्या कपाळाला आठी पडली. डोळ्यांचे डॉक्टर नाही का विचारत, बोटं किती दिसतात? ती स्वतःचीच तपासणी करते आहे असं मला वाटलं. निळा झाला, काळा झाला. एवढे लखलखीत पडदे, आणि तिला माझी बोटंही दिसत नव्हती.

मी यांना फोन खाली घ्यायला सांगितलं. आजूबाजूला माणसं होती, खताच्या पोत्यांशी एक कुटुंब उभं होतं, आणि मला रडू येत होतं. तोंडानं बोलवेना. आमच्या घरच्या सवयीनं मी हातांनीच बोलले. डोळ्याखाली दोन बोटं टेकवली आणि फुंकर मारल्यासारखी उघडली. गेले. ही खूण आम्ही आईच्या वेळी केली होती. अगदी बारीक केली मी ती, हनुवटीच्या जरा वर, कोणाला दिसू नये अशी.

आता विचार करते तर हसू येतं. त्या सबंध रस्त्यावर तोंडानं बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं, फक्त एकीला सोडून. मी नेमकी त्या एकीच्याच भाषेत बोलले.

तेवढ्यात कापसानं भरलेला एक टेम्पो ताडपत्री फडफडवत मधून गेला, आणि त्याच्या मागे कापूस बराच वेळ हवेत उडत राहिला. तो गेल्यावर मी पाहिलं तर स्टूल रिकामं. ताई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी होती आणि तिचे दोन्ही हात वर होते. आईच्या धाकानं साठ वर्षं हनुवटीशी आवळलेले ते हात तिनं आर्णीच्या भर बाजारात पंख पसरावे तसे पसरले होते. इतक्या मोठ्या खुणा मी तिला कधी करताना पाहिल्या नव्हत्या.

कोणाचे डोळे गेले?

माझ्या नवऱ्यानं वळून पाहिलं आणि यांच्या तोंडून "अरे बाप्पा" एवढंच निघालं. ताई पायरी उतरली, येणाऱ्या मोटारसायकलला तिनं पंजा दाखवून जागच्या जागी थांबवलं आणि रस्ता ओलांडून आमच्यासमोर आली. मी उभीच. रुंद रस्ता, मध्ये वाहनं, आणि हनुवटीपाशी केलेली ती करंगळीएवढी खूण तिनं वाचली होती.

कोणाचे? तिनं भुवया उंचावून पुन्हा विचारलं.

मी तिच्याकडे बोट केलं. आईची खूण केली, नाकपुडी, मग डोळे. तुझेही. मला वाटलं.

तिनं कपाळावर हात मारला. मग जे बोलली ते इतक्या वेगानं, की मलाच बोट गोल फिरवावं लागलं. माझे डोळे धड आहेत. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, तो तुलाही लागतो. तुझ्या डोरल्याची एक वाटी उलटी फिरली आहे, ती मला तिकडून दिसली. पण तुला काय झालं आहे ते तू आधी सांग. तिनं तोंड एका बाजूला वाकडं करून दाखवलं. लकवा? फोनमध्ये तुझा हात असतो, बोटं नसतात. वर नेतेस आणि विरघळतात. रोज मी परत म्हणते, रोज तू तसंच करतेस. मी बोटं हलवून दाखव म्हणते तेव्हाही नीट दिसत नाहीत. तुला झटका आला आणि तू माझ्यापासून लपवते आहेस, हे मला कळलं. म्हणून मी आले. फोन मला नको आहे, माझा चांगला आहे.

आणि तिनं परत माझी बोटं हातात घेतली आणि एकेक दाबली. या वेळी मला कळलं ती काय पाहते आहे. मीही तिची बोटं घट्ट दाबली. तिनं समाधानानं मान हलवली.

माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणतात तसं झालं खरं, पण डोकं अजून गरगरत होतं. माझी बोटं धड, तिचे डोळे धड, मग विरघळतं काय? मी यांच्या हातातला माझा फोन घेतला आणि पुन्हा दुकानातल्या काळ्या फोनला कॉल लावला. या वेळी कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या चित्राकडे नीट पाहिलं. एरवी कोण पाहतं स्वतःकडे? माझा चेहरा स्पष्ट होता, आणि चेहऱ्याच्या कडेपासून पुढे सगळं धुकं. कृषी केंद्राची पाटी धुक्यात, पोती धुक्यात. मी बोट कानाशी नेलं, ते अर्धं धुक्यात गेलं. आमची भाषा जिथं राहते नेमकी तेवढीच जागा फोननं पुसून टाकली होती.

"हे काय हाय?" मी यांना विचारलं.

हे घड्याळ पाहायला लागले. मी यांना ओळखून आहे.

"बोला."

"मागचं धूसर कराची सोय असते फोनात," हे म्हणाले. "एका व्हिडिओत पाह्यली. थे म्या लावून देल्ली तुह्या फोनले."

"काहून पण?"

"आता काहून म्हणजे. दुपारी मी बनियनवर फिरतो घरात. तू टेबलापाशी बोलत असते, मागून मी पाण्याले जातो. ताई पाह्यते. मोठ्या हायेत त्या. बरं दिसते का थे?"

आपलं ठेवायचं झाकून, म्हणतात ना, ते या माणसानं शब्दशः केलं होतं. यांनी आपलं बनियन झाकलं, आणि त्यापायी मी महिनाभर बहिणीला आंधळी समजत होते आणि ती मला लुळी समजत होती. मी इतकी चिडले, की काही सुचेना. ताई माझी बाही ओढत होती. काय म्हणतात? मी मनगटावर टिचकी मारली, मग दोन्ही खांद्यांवरून बोटांनी पट्टे ओढून बनियन दाखवलं, मग फोन दाखवून तोंडासमोर पदर धरला.

ताई हसली. ताईचं हसणं मोठं असतं, ते तिला ऐकू येत नाही म्हणून ते मोजून-मापून येत नाही. लहानपणी आई लगेच तिच्या ओठांवर बोट ठेवायची. त्या दिवशी ओठांवर बोट ठेवायला कोणी नव्हतं. खताच्या पोत्यांशी उभं असलेलं ते कुटुंब वळून पाहायला लागलं, आणि मग मीही हसायला लागले, रडतही होते, आणि हे दोघींच्या मध्ये ओशाळून उभे होते. "जाऊ द्या ना आता," एवढं मात्र चार वेळा म्हणाले.

दुकानात परत गेलो तर दुकानदारानं बिचाऱ्यानं दोन्ही फोन पुसून तयार ठेवले होते. मला वाटलं ताई आता नको म्हणेल. पण ती स्टुलावर बसली, पिशवीतून आमच्यासाठी आणलेला धपाट्यांचा स्टीलचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. निळा फोन त्याला टेकवून उभा केला. मग तळहातानं काउंटरवर भराभर थापा मारल्या. तिची शिलाई मशीन चालते तेव्हा टेबल तसंच हादरतं. निळा घसरत घसरत आडवा झाला. तिनं काळा उभा केला आणि पुन्हा थापा मारल्या. काळ्याच्या कडा सपाट होत्या, तो डब्याला धरून उभा राहिला. तिनं आणखी जोरानं हादरवलं, काच वाजली, दुकानदार काकू काकू करायला लागला, पण काळा जागचा हलला नाही.

माझा चांगला आहे, पण तो मशीन सुरू केली की पडतो, ताईनं मला सांगितलं. आता शिवता शिवता बोलता येईल.

पैसे तिनंच दिले, मला हात लावू दिला नाही. हे बराच वेळ त्या काळ्या फोनच्या कडेवरून बोट फिरवत होते. इतक्या व्हिडिओंमध्ये फोन उभा राहतो का हे त्या पोरानं एकदाही सांगितलं नव्हतं, असं परतीच्या वाटेवर मला म्हणाले. बस यायच्या आधी स्टँडवर मी ताईला तेवढं हिरव्या ब्लाउजचं विचारलं. दिवे गेले होते, हिरवा दोरा संपला होता, काळा होता तो लावला, ती म्हणाली. आतून कोण पाहतं? तूच पाहशील.

काचबिंदू घराण्यात आहे म्हणून पुढच्याच आठवड्यात मी तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तिची नजर तपासली, माझीही तपासली. दोघींच्या डोळ्यांत काही नाही, फक्त दरवर्षी दाखवत चला, असं म्हणाले. तिच्या चष्म्याचा नंबर थोडा वाढला आहे, माझा तिच्यापेक्षा जास्त वाढला आहे. हे ऐकून ताईला जो आनंद झाला तो तिनं लपवला नाही.

आता दुपारी कॉल लागतो तेव्हा काळा फोन मशीनवर उभा असतो आणि ताई पाय चालवत बोलते. माझ्या फोनातलं धुकं मी काढून टाकलं आहे. पहिल्या दिवशी हे पाण्याला उठले आणि खुंटीवरचा सदरा अंगात घालायला लागले, कारण टेबलामागून जायचं होतं.

"राहू द्या सदरा," मी म्हटलं. "जा तसेच."

"बरं दिसते का थे?"

"जा म्हणते ना. दिसू द्या तिले."

हे बनियनवरच मागून गेले. पडद्यावर ताईनं मशीन थांबवली, लाजल्यासारखा डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. मग तिनं मला सांगितलं, की बनियनला उजव्या काखेत भोक पडलं आहे, नवं आण. मी उठून पाहिलं. तिळाएवढं भोक होतं.